पण म्हणणाऱ्याची खुर्ची

पणूचं ऑफिस पोहण्याच्या तलावात होतं. थाप नाही, खरंच. पाणी नव्हतं त्यात, एवढंच. कुठल्याशा क्लबने तलाव बंद केला, पाणी सोडून दिलं आणि कॅप्टनला ती जागा स्वस्तात मिळाली. मग काय, रोज सकाळी यायचं, काठाशी चपला काढायच्या, लोखंडी शिडी धरायची आणि निळ्या फरश्यांच्या तळाशी कामावर उतरायचं. उथळ बाजूला चहाची किटली, खोल बाजूला मीटिंग. वर काचेचं छत. त्यातून ऊन यायचं ते सरळ कधीच नाही, हलत हलत यायचं, म्हणजे पाणी गेलं तरी त्या जागेची पाण्याची सवय काही सुटली नव्हती. दुपारी तर असं वाटायचं की आपण सगळे तळाशी बसलोय, आणि कुणीतरी वरून वाकून बघितलं तर त्याला आपण माशांसारखे दिसू.

आणि आवाज घुमायचा. भयंकर घुमायचा. पणूला तिचं नाव त्या तलावानेच दिलं. खरं नाव होतं तिला, चांगलं होतं, पण वापरणार कोण? कुणी काहीही सुचवलं की हिचा पहिला शब्द ठरलेला. ही म्हणायची, "पण..." आणि मागून तलाव म्हणायचा, पण, पण, पण. आठवड्याभरात सगळे तिला पणू म्हणायला लागले. तिने तोंड फुगवून बघितलं, उपयोग झाला नाही.

टीम छोटी होती, आणि लोकांच्या अडचणींवर नवे उपाय शोधून द्यायचे हा तिचा धंदा. कॅप्टन, म्हणजे मुख्य बाई. जुन्या जीवरक्षकाच्या केबिनमध्ये तिला एक शिट्टी सापडली होती, ती गळ्यात घालून फिरायची म्हणून कॅप्टन. मिस्त्री, लाकूड आणि पुठ्ठा या दोन्हींशी गोड बोलणारे, माणसांशी जरा कमी. चष्मिस, इंजिनियर, वायरी आणि स्क्रीन म्हटलं की डोळे चमकणार. सिस्टर, हॉस्पिटलने या कामापुरत्या दिलेल्या. आणि पणू, जी नकाशे काढायची, चित्रं काढायची आणि पण म्हणायची.

काम काय? तर हॉस्पिटलात डायलिसिसचा एक वॉर्ड होता. ज्यांची किडनी काम करत नाही ती माणसं एक दिवसाआड यायची. हात मशीनला जोडायचा, रक्त बाहेर जायचं, धुऊन परत आत यायचं. चार-चार तास. चुकवायचं नाही, चुकवलं तर जिवाशी खेळ. आणि तरीही माणसं चुकवायला लागली होती. आज हा आला नाही, परवा ती आली नाही. डॉक्टर ओरडले, फोन झाले, घरी माणूस पाठवून झाला. का येत नाही म्हणून विचारलं तर सगळे म्हणायचे, "काही नाही हो, ठीक आहे सगळं."

हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांना कारण माहीत होतं. त्यांना सगळ्याचंच कारण माहीत असायचं. म्हणाले, "कंटाळा येतो लोकांना. प्रत्येक खुर्चीसमोर मोठा टीव्ही लावा. विषय संपला."

कॅप्टन म्हणाली, "लावू की. आधी जरा बसून बघतो आम्ही."

"बसून काय बघणार?"

"ते बसल्यावर कळेल."

हीच तिची पद्धत. माहीत नाही ना, मग माहीत नाही असं मोठ्याने म्हणायचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि हाताने काहीतरी करायला घ्यायचं. पहिल्यांदा चुकेल, म्हणून पुठ्ठ्यात करायचं. पुठ्ठा चुकला तर रडत नाही, असं ती म्हणायची.

आता पणूचं काय, तर तिचा मामा त्याच वॉर्डात होता.

मामा शिंपी. आयुष्यभर शिंपी. पणूच्या घरीच राहायचा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. मापाची टेप गळ्यात अशी असायची, जशी आपल्याला मान असते. बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे बघायचा. गर्दीतून चालला तर कुणाचा खांदा उतरलाय, कुणाची बाही लांब झालीय, एवढंच त्याला दिसायचं, चेहरे नंतर. आणि हात तर सतत चालू. काही नसेल तर टेबलावरची सुतळी घेऊन गाठी मारत बसायचा.

आणि मामाने मंगळवारी दांडी मारली. बूट घातले, दारापर्यंत गेला, परत आला, बूट काढले, झोपला.

आई स्वयंपाकघरातून पणूला हळू आवाजात म्हणाली, "पाय बघितलेस का त्याचे? सुजलेत. डॉक्टर म्हणाले, अजून असं केलं तर मी जबाबदार नाही. तू काहीतरी बोल. माझं ऐकत नाही तो."

पणू आत गेली. मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मामा, काय झालं?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

बघा, तेच वाक्य! सगळा वॉर्ड म्हणतो ते!

"दुखतं का?"

"सुई टोचायची सवय आहे गं, शिंपी आहे मी."

"मग?"

मामाने भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ते चार तास मी कुणीच नसतो, पणे. तिथे एक हात असतो आणि एक मशीन असतं. बाकीचा मी कुठे जातो, मला कळत नाही." आणि पांघरूण वर ओढलं. "आता पुरे झालं. झोपू दे."

त्या पांघरुणाखालून त्याची बोटं दिसत होती. चादरीच्या कडेला टीप घालावी तशी सरकत होती, सुई नसताना.

दुसऱ्या दिवशी पणू शिडीवरून उतरली. तलावात मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा वॉर्ड उभा करायला घेतला होता. काय सुंदर होता तो! खऱ्याएवढा मोठा. पुठ्ठ्याच्या खुर्च्या, पुठ्ठ्याची मशीन्स, बागेतल्या पाइपच्या नळ्या. सिस्टरचं काउंटर समोर मधोमध, कारण खऱ्या वॉर्डात तसंच होतं, सगळ्या खुर्च्या रांगेत, शाळेतल्यासारख्या काउंटरकडे तोंड करून. निळ्या फरश्यांवर तो सगळा तपकिरी कागदी वॉर्ड असा दिसायचा की जणू एखादं हॉस्पिटल बुडालंय आणि तळाशी अगदी शांत, अगदी नीट बसलंय.

कॅप्टनने शिट्टी वाजवली. "आजपासून नियम. कल्पना सुचवायच्या वेळेला 'पण' बंद."

सगळे पणूकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?"

"नवीन कल्पना म्हणजे ओलं सिमेंट," कॅप्टन म्हणाली. "आणि पण म्हणजे त्यात उमटलेला पाय. जो पण म्हणेल त्याने गप्प त्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसायचं, डावा हात मशीनला बांधून, जसं पेशंट बसतात तसं. शिट्टी होईपर्यंत."

"पण हे..." पणू म्हणाली.

पण, पण, पण, तलाव म्हणाला.

सिस्टरनी मोठ्या प्रेमाने तिचा हात बांधला. "सवय आहे मला," म्हणाल्या, "तू फक्त हलू नकोस."

मग त्या दिवसांत पणू त्या खुर्चीतच राहायला गेली म्हणा ना. बाकीचे तिकडे हसत, खिदळत, चिठ्ठ्या चिकटवत, आणि ही इकडे बांधलेली. एक हात मशीनला, दुसरा मोकळा. आणि मोकळ्या हाताचं करायचं काय? नाक खाजवून झालं. चष्मिसने पुस्तक दिलं, पान उलटताना पुस्तक मिटायचं. मिस्त्रींनी संत्रं दिलं, ते नुसतं हातात घेऊन बसायचं, सोलणार कसं? मग ती छताकडे बघायची. ऊन हलायचं. डोळे अर्धे मिटायचे आणि वाटायचं, तलावात हळूहळू पाणी भरतंय, गुडघ्यापर्यंत आलंय, छातीपर्यंत आलंय, गार नाही, कोमट, आणि आपण त्यात विरघळतोय, फक्त तो एक बांधलेला हात तेवढा शिल्लक राहतोय. दचकून जागी व्हायची. बाकीची मी कुठे गेले होते?

मामाचं वाक्य. त्याच्याच तोंडातलं.

तिने ते सगळ्यांना सांगितलं. मग सगळ्यांना वाटलं, अरे, माणूस हरवतो ना तिथे, मग त्याला हरवून जायला काहीतरी छान देऊ. चष्मिस म्हणाला, आकाश! वर आकाश लावू, ढग सरकणारं. आणि लावलं त्यांनी. पांढरं कापड ताणलं, मागे दिवे, त्यावर ढग. इतके हळू सरकायचे ढग की बघता बघता सिस्टरना खरंच झोप लागली, ड्यूटीवरच्या माणसाला! सगळ्यांना वाटलं, जमलं.

मधल्या पाळ्या मामा आईच्या धाकाने कसाबसा करून आला होता. पणूने त्याला तलावात आणलं. "फक्त बघायला ये," म्हणाली. मामा शिडीवरून बसत बसत उतरला, काठावरून मिस्त्री, खालून चष्मिस. तळाशी उभा राहून त्याने चहूकडे बघितलं. "चांगली शिलाई आहे," म्हणाला, कापडी आकाशाकडे बघून. "कोपऱ्यात चुणी पडलीय फक्त."

खुर्चीत निजला. ढग सुरू झाले. तलाव शांत. सगळे श्वास रोखून.

"कसं वाटतंय, मामा?" पणूने विचारलं.

"छान. स्वर्गात आल्यासारखं वाटतंय." मग जरा थांबून, "मला एवढी घाई नव्हती पण."

आधी चष्मिस हसला, मग सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण खरंच होतं ना ते. मरणाची रंगीत तालीम करून दिली होती त्यांनी.

"मामा पण म्हणाले," सिस्टर म्हणाल्या. "शिक्षा."

"कसली शिक्षा?"

पणूने नियम सांगितला. पण म्हणालं की या खुर्चीत बसायचं.

"मी आधीच बसलोय की," मामा म्हणाला. "म्हणजे मी पाहिजे तितके म्हणू शकतो. पण, पण, पण." तलावाने त्याची मोजदाद केली. मामा पहिल्यांदा हसला, आठवड्यात पहिल्यांदा, आणि मग उठताना पणूच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "तुझं काम चांगलं आहे, पोरी. मी काही आता जाणार नाहीये तिकडे. आईला तू सांग, मला नाही सांगवत."

ढग सरकत होते. कुणीतरी दिवे बंद करायचे विसरलं होतं.

आकाश उतरवलं. नंतर त्यांनी वास करून बघितला, फुलांचा, सिस्टरना शिंका. गाणी करून बघितली, प्रत्येकाला वेगळं गाणं हवं. चष्मिस आता टीव्हीकडे वळायला लागला होता, मॅनेजरसाहेबांचे रोज फोन यायचे, आणि पणू... पणूच्या डोक्यात सारखं एकच चालू होतं, मामा आता खरंच गेला नाही तर? तिने आईला सांगितलं नव्हतं. जीभच उचलली नव्हती.

आणि मग झालं बघा ते. चहाच्या वेळेला.

पणू नेहमीप्रमाणे शिक्षेच्या खुर्चीत. हातात तेच संत्रं. मिस्त्री किटली घेऊन सगळ्यांना देत होते. चष्मिस म्हणाला, "मिस्त्री, मला पण द्या."

कॅप्टनने शिट्टी वाजवली.

"काय?" चष्मिस म्हणाला.

"पण म्हणालास."

"अहो तो पण वेगळा! तो 'परंतु'वाला नाही, 'सुद्धा'वाला आहे!"

"नियमात लिहिलं होतं का, कुठला पण?"

"नियम लिहिलाच नव्हता कुठे!"

"मग तर झालंच," पणू खुर्चीतून ओरडली. "एवढे दिवस मी एकटी सडतेय. बांधा त्याला. शब्द तो शब्द!"

"कॅप्टन, हा अन्याय आहे, मी तर चहा मागितला..."

"मागून मिळेल," सिस्टर पाइप घेऊन निघाल्याच.

दुसऱ्या खुर्चीत बसवला त्याला, पणूच्या शेजारी. तर दुसऱ्या खुर्चीचं मशीन भलत्याच बाजूला! पणूनेच नकाशा काढताना ते उलट काढलं होतं, आरशात बघून काढावं तसं. डावा हात तिथपर्यंत पोचेचना. सिस्टर मशीन सरकवायला गेल्या तर मिस्त्री किंचाळले, "हात लावू नका! रंग ओला आहे! आत्ता दिलाय!"

"मग याला बांधू कुठे?"

"मशीन राहू दे जागेवर. खुर्ची फिरवा."

आणि खुर्ची फिरवली. गर्रकन. चष्मिससकट.

आता बघा काय झालं. पणूचं तोंड काउंटरकडे, चष्मिसचं तोंड बरोबर उलट. शेजारी शेजारीच, पण एक येणारा आणि एक जाणारा, जिन्यात भेटल्यासारखे. मशीनं बाहेरच्या बाजूंना गेली. दोघांचे बांधलेले हात बाहेर. आणि मोकळे हात, दोघांचे उजवे, मधे. एकमेकांच्या अगदी समोर. आणि मान वळवायलाही नको, बघितलं की समोर चेहरा.

"हाय," चष्मिस म्हणाला.

"चहा कसा पिणार आता?" पणू म्हणाली.

"तू काय करतेस रोज त्या संत्र्याचं?"

"धरून बसते."

"धर मग."

तिने धरलं. त्याने साल काढायला सुरुवात केली. ती तिच्या बाजूने फिरवत होती, तो त्याच्या बाजूने सोलत होता, काही ठरवलं नाही, काही बोलले नाहीत. साल एकसंध लांबच लांब सुटत गेली. वर छताकडून ते हलतं ऊन आलं आणि त्या दोन हातांवर येऊन थांबलं, जणू बघायलाच आलं. संत्र्याचा वास सगळ्या तलावात पसरला, खोल बाजूपासून उथळ बाजूपर्यंत. पणूला वाटलं पाणी उतरतंय. छातीपासून, गुडघ्यांपासून, पायांच्या बोटांपासून, सगळं उतरलं आणि ती खुर्चीत होती, पूर्ण होती. दोन हात होते तिला. त्यातला एक चष्मिसचा होता, एवढंच.

कुणी शिट्टी वाजवली नाही. कॅप्टन किटली धरून उभी होती आणि किटलीतला चहा फरशीवर गळत होता.

"माझा मामा," पणू म्हणाली, "त्याच्या शेजारीही कुणीतरी बसतं की."

एक फोड तिने तोंडात टाकली, एक त्याने.

"आणि टीव्ही?" थोड्या वेळाने चष्मिस स्वतःशीच म्हणाला, आणि हसायला लागला.

मग काय विचारता! पुठ्ठ्याच्या खुर्च्या फिरवण्याचा नुसता धडाका. जोड्या, जोड्या, एक इकडे एक तिकडे. सगळे उड्या मारत होते, मिस्त्रीसुद्धा माणसांशी बोलायला लागले होते. फक्त पणू परत त्या पहिल्या खुर्चीत जाऊन स्वतःहून बसली.

"आता काय?" कॅप्टन म्हणाली.

"मला एक पण म्हणायचा आहे. म्हणून आधीच बसले."

मिस्त्रींनी उचललेली खुर्ची खाली ठेवली.

"सिस्टर तिथे काउंटरला असतात. त्यांना सगळ्यांचे चेहरे लागतात. कुणाचं प्रेशर उतरलं तर आधी चेहऱ्यावर दिसतं, मशीन नंतर ओरडतं. त्यांनीच सांगितलं होतं मला, हात बांधताना. आता अर्ध्या लोकांची पाठ त्यांच्याकडे झाली. कल्पना भारी आहे. पण सिस्टरना दिसणार कसं?"

पण, पण, पण, तलाव म्हणाला, आणि या वेळेला कुणी हसलं नाही.

सिस्टर पुढे आल्या. "मी आनंदात विसरलेच," म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. मला चेहरे हवेत."

कॅप्टनने रांगेला एक फेरी मारली. मग पुठ्ठ्याच्या काउंटरला पायाने ढकलायला लागली. हलकंच होतं ते, घसरत घसरत गेलं, रांगेच्या समोरून रांगेच्या टोकाला. "सिस्टर, तिथे बसा."

सिस्टर बसल्या. रांगेच्या टोकावरून बघितलं. आता ना कुणाची पाठ, ना कुणाचं पूर्ण तोंड. सगळ्यांच्या बाजू दिसत होत्या, नाणी असतात ना, त्यांच्यावरच्या चेहऱ्यांसारख्या.

"दिसतात," त्या म्हणाल्या. "आणि जो मला नीट दिसणार नाही तो शेजारच्याला दिसेल. तोही हाक मारेल की."

"नियम बदलला," कॅप्टन म्हणाली. "खुर्चीत बसून म्हटलेला पण चालेल. उभ्याने नाही."

मॅनेजरसाहेबांनी एक दुपार दिली. फक्त दोन खुर्च्या, फक्त एक दुपार, काउंटर तात्पुरतं टोकाला. "टीव्हीचं मी बोलून ठेवलंय," असंही म्हणाले.

आता मामा. पणू घरी गेली, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मामाच्या पाठीशी बसली. समजावलं नाही. रडली नाही. म्हणाली, "मामा, उद्या मला एक माणूस हवाय. खुर्चीत बसायला."

"मला कशाला? दुसरा बघ."

"दुसरा गप्प बसेल. ठीक आहे म्हणेल. चुणी पडलीय असं म्हणणारा मला एकच माहितीय."

मामाने मान अर्धी वळवली.

"माझ्यावर प्रयोग?"

"हो."

"बरा आहे की निर्लज्जपणा." मग पांघरूण बाजूला सारत, "एकदाच. तुझ्या कामासाठी. नंतर विषय काढायचा नाही. आईनेही नाही."

"नाही काढणार."

वॉर्डात मामाच्या शेजारी नेहमी गणिताच्या बाई असायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, करड्या स्वेटरातल्या, ताठ. वर्षभर ती दोघं शेजारी बसली होती आणि वर्षभरात मामाने बाईंचा फक्त कान बघितला होता. बाईंनी मामाचा तोही बघितला नव्हता, त्या काउंटरकडे बघायच्या. आज बाईंची खुर्ची फिरवली. सिस्टरनी सुया टोचल्या, नळ्या जोडल्या, मशीनं गुरगुरायला लागली. टीम दाराच्या काचेतून बघत होती, चार जणांची नाकं एका काचेला. पणूचं नाक सगळ्यात खाली.

बराच वेळ काहीही झालं नाही. मामा बाईंच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता, बाई मामाच्या डोक्यावरून. चष्मिस कुजबुजला, "संत्रं ठेवायला हवं होतं." पणूने त्याच्या पायावर पाय दिला.

मग मामाची नजर खाली आली. कॉलरवर. कॉलरवरून खाली. आणि थांबली.

पणूला माहीत होती ती नजर. ती भर लग्नात नवऱ्यामुलाच्या शिवणीवर अशी थांबायची.

"बाई," मामा म्हणाला, "तुमचं दुसरं बटण."

बाईंनी खाली बघितलं. बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"किती दिवस झाले?"

"हिवाळ्यापासून," बाई म्हणाल्या. "सुई ओवता येत नाही मला आता. बोटं थरथरतात."

"आणि वर्षभर मी शेजारी बसलोय!" मामाला खरोखर राग आला होता. "सिस्टर! सुई-दोरा द्या."

"सुई?" सिस्टर टोकावरून उठल्या. "इथे? या वॉर्डात सुई फक्त माझी चालते."

"टोक नसलेली द्या. लोकरीची. टोक नको मला, नेढं हवंय."

सिस्टरनी काचेकडे, म्हणजे टीमच्या नाकांकडे बघितलं. मग त्यांच्या पिशवीत विणकाम असायचं, त्यातली जाड बोथट सुई काढली. "नळीच्या हाताजवळ जायचं नाही. नळीला धक्का लागला तर दोघांनाही बाहेर काढीन."

"बाहेर काढलंत तर बरंच आहे," मामा म्हणाला, आणि बाई खुदकन हसल्या, गणिताच्या बाई!

बाईंनी सुई धरली. बोटं थरथरत होती. मामाने दोरा ओठांत ओला केला आणि आणला सुईजवळ. गेला नाही. परत. नाही गेला. "थरथर थांबवू नका," मामा म्हणाला, "मोजा. गणिताच्या ना तुम्ही? ताल असतो तिला. मी तालात येतो." बाई ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. मामाचा हातही डोलायला लागला, अगदी तसाच, आणि वॉर्ड सगळा बघत होता, आजूबाजूच्या खुर्च्यांमधल्या माना वळल्या होत्या, मशीनं गुरगुरत होती, ऊन खिडकीतून येत होतं आणि पणू शपथेवर सांगेल, ते हललं. तलावातल्यासारखं हललं.

दोरा गेला. कुणीतरी "शाब्बास" म्हणालं.

मग बाईंनी बटण धरायचं, मामाने सुई घालायची. आतून सुई परत कोण ढकलणार? बाई. मग बटण कोण धरणार? मग मामा सुई सोडणार. असं ते चालू राहिलं, भांडत, चुकत, "वर, वर, वर कुठे, खाली", "मला शिकवू नका", "शिकवल्याशिवाय कसं जमेल", आणि चार तास कुठे गेले हे कुणालाच कळलं नाही. मशीनं वाजली. वेळ झाली. सिस्टर आल्या, नळ्या काढल्या, पट्ट्या लावल्या.

बटण अर्धंच लागलं होतं. दोरा लोंबत होता, टोकाला सुई.

पणू आत आली. मामा उठून बसला होता, दोन्ही हात मोकळे, आणि पणूच्या डोक्यात आलं, आता तर दोन हात मोकळे आहेत, एका मिनिटात होईल की ते बटण. तोंड उघडलं तिने. जिभेच्या टोकावर तो शब्द आला, तिचा स्वतःचा, तिच्या नावाचा.

तिने तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी सुई अलगद स्वेटरात खोचून ठेवली. काठी घेतली. "मी परवा येणार आहे," त्या मामाला म्हणाल्या, वर्गात सांगतात तशा, "आणि हे अर्धं असंच ठेवणार आहे."

मामाने त्या लोंबत्या दोऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मामाने गळ्यातली टेप सरळ केली.

"मी पण," तो म्हणाला.

"मामा!" पणू इतक्या जोरात ओरडली की सिस्टर दचकल्या. "पण म्हणालास! पण म्हणालास तू!"

"तो 'सुद्धा'वाला..."

"कुठला का असेना! पण म्हणणाऱ्याने कुठे बसायचं?"

मामाने बाईंकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं, दाराच्या काचेवरच्या तीन नाकांकडे बघितलं. मग मागे वळून आपल्या खुर्चीच्या हातावर एकदा बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"परवा बसतो," म्हणाला. "शिक्षा ती शिक्षा."